विनायकचा चालता बैल

तिगावात उतरून कोनालेही विचारा, मोरेश्वरभाऊचं घर कोनतं. चहावाला असो का सायकलवाला, दारापर्यंत आनून सोडन. संत्र्याची बाग म्हना, बोअर म्हना, टॅक्टर म्हना, या गावात पयले आमच्या घरी आलं, मंग बाकीच्यायच्या. शाळा माही आठवीपर्यंतच. तरी नागपूरचा व्यापारी बाग पाहाच्या आधी मले फोन करते, का भाऊ, औंदाचा आंबिया बहार कसा आहे. हे मी फुगवून नाई सांगून राहिलो. गावात कोनीही सांगन.

पन माह्यापाशी मिरवाले सगळ्यात मोठी गोष्ट बाग नोती, टॅक्टरही नोता. माहा लहाना भाऊ होता, विनायक.

होता म्हनलं म्हनून घाबरू नका. चांगला खडखडीत आहे तो. आता बाजूच्या खोलीत बसून पोट्ट्यायचे पेपर तपासून राहिला. त्याच्यातलं जे मिरवाले होतं ते नाई राहिलं, एवढंच.

विनायक पांढुर्ण्याच्या एका शाळेत गनित शिकवते. रोज जाते, रोज येते. अंगानं काडी, अन् आवाज असा का बाजूच्या मानसाले दोनदा विचारा लागते. मी बोलाले लागलो का तीन घरं आयकतात. एकाच मायच्या पोटचे आमी, पन देवानं आवाज वाटताना त्याचा हिस्साही मलेच देऊन टाकला असन.

त्याचा शौक सुरू झाला त्याच्या पोरीपासून. श्रुती लहान होती तवा तिच्या मामानं नागपूरवरून एक खोका आनला. त्यात प्लास्टिकचं जोडायचं सामान. भोकाभोकाच्या पट्ट्या, दातेरी चाकं, दांड्या, इवल्या इवल्या खुट्या. स्क्रू नाई, गोंद नाई. दाबलं का बसते, ओढलं का निघते. खोक्यावर एका गाडीचं चित्र होतं. श्रुतीनं ती गाडी बनवली, दोन दिवस फिरवली अन् कोपऱ्यात टाकून देल्ली. मामानं आनलं भाचीसाठी, अन् खेळत बसला जावई.

लोक हासत. शाळेतले मास्तर विचारत, "सर, यंदा कोनत्या वर्गात गेले? बालवाडी सुटली का?" घरात सुचिता, म्हनजे विनायकची बायको, माह्या बायकोले म्हने, "प्रेमलताताई, सगळे म्हनतात मले एकच लेकरू आहे. दोन आहेत. एक शाळेत शिकते अन् एक शाळेत शिकवते." विनायक हासे अन् चाक बसवत राहे.

मी मात्र कधी हासलो नाई. मशीन पाहिली का मले समजते का बनवनारा कसा आहे. सौसरच्या जिनिंगमधी रुई अन् सरकी वेगळी होते ना, तसं त्यानं एक बनवलं. दांडी फिरवली का दोन रूळ फिरत, कापूस टाकला का रुई इकडे, सरकी तिकडे. आमच्या स्टेशनाजवळ आहे तसं रेल्वे फाटक बनवलं. रुळावर गाडी आली का आपोआप पडे, गेली का आपोआप उठे. अन् सगळ्यात भारी होतं ते संत्र्याचं. पानकळा लागला का बागेत बारीक फळं गळतात, बोराएवढी, हिरवीगार. ती गळ पाहून आमचा जीव खाली-वर होते, अन् हा ती वेचून आने, ओंजळीनं. त्याच्या मशीनवर टाके. पट्टा सरके, अन् बारीक संत्रं बारक्यात, मोठं मोठ्यात, टपटप वेगळं पडे. बागेतल्या बाया पाहाले येत अन् म्हनत, "भाऊ, आता आमाले काय काम ठेवलं तुमी?"

त्या मशीनसाठी मी एकदा पटवारीसाहेबाले अन् दोन व्यापाऱ्यायले घरी घेऊन आलो. विनायकले आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. चहा झाला. मी ऐटीत म्हनलं, "विन्या, आन बरं ते."

हा उभाच.

"दादा, ते तोडलं मी."

"तोडलं? कवा?"

"सकाळी. दुसरं बनवाचं होतं. चाकं लागत होती."

पटवारीसाहेबानं बशी खाली ठेवली. म्हनले, "मोरेश्वरभाऊ, तुमच्या भावाले आमच्या खात्यात पाठवा. कागदावर सारं, अन् मोक्यावर जाऊन पाहा तर काईच नाई."

त्याचं असंच होतं. सामान मोजकं, म्हनून एक तोडलं का दुसरं. तोडाच्या आधी मोबाइलवर एक चित्रन काढून ठेवे. त्यातही नुसते हात दिसत, थोबाड नाई. मी म्हनो, "काचेच्या कपाटात ठेव बे, चार लोक पाहतीन." तो म्हने, "चालून झालं ना, दादा. आता त्यात काय आहे?"

त्या चित्रनानं त्याले दोस्त भेटले. हाच शौक असलेले लोक, नागपूरचे, पुन्याचे, पार बंगलोरचे. मोबाइलवर त्यायचा एक ग्रुप. विनायकनं तिथी आपलं नाव नुसतं 'तिगाव' ठेवलं होतं. तो काई पाठवे अन् ते लोक विचारत, हे चाक इथी काहून, ती दांडी अशी काहून. हा जेवता जेवता उठून उत्तरं लिही. घरी-दारी आमी काय करो? कोनी हासे, कोनी वा वा करे. मीही वा वाच करो, सगळ्यात मोठ्यानं. पन चाक तिथंच काहून, हे विचाराची अक्कल मलेही नोती. ती त्या लोकायले होती.

मागच्या वर्षी त्या लोकायनं ठरवलं का नागपुरात जमाचं. पोळा झाला का येनाऱ्या इतवारी. हॉल घेतला. ज्यानं त्यानं आपलं बनवलेलं आनाचं अन् टेबलावर मांडाचं. नागपूरचा वैभव म्हनून एक पोरगा सगळं पाहून राहिला होता. त्यानं 'तिगाव'चं टेबल पक्कं केलं. विनायक ते सांगाले बागेत आला, चपला हातात घेऊन, चिखल तुडवत. बागेत तो सहसा येत नाई.

"दादा, मी जाईन म्हनतो."

"जाईन काय? गाजवून येऊ. काय नेतं?"

"बैल," तो म्हनला. "चालता."

तवा मले समजलं का तो एवढ्या दिवसापासून लोकायच्या बैलाच्या मागे मागे काहून फिरून राहिला होता. गावात ज्याच्या घरी अजून जोडी आहे त्याच्या गाडीमागे हा वाकून वाकून चाले, नजर खुरायवर. एका बाईनं विचारलंही होतं, "मास्तर, शेन पाहिजे का? तसंच सांगा ना, घरी पाठवतो."

आमच्या घरची शेवटची जोडी टॅक्टर आल्यावर मी विकली. त्यातला डाव्या अंगाचा बैल बाशिंग्या. शिंगं सरळ वर गेलेली, बाशिंगासारखी. गोऱ्हा होता तवा मागच्या पायाले लागलं होतं, म्हनून चालताना तो पाय जरासा ओढे, अन् त्याच वक्ताले मान खाली करे, जसा कोनाले 'हाव' म्हनून राहिला. जोडी गेली त्याच्यानंतर माय कितीतरी दिवस रोज सकाळी रिकामा गोठा झाडाले जात राहिली. कोनी तिले थांबवलं नाई.

विनायकनं तो बाशिंग्या बनवला. पुरा उन्हाळा अन् पानकळा त्यात गेला. चार पाय, चारही आपल्या आपल्या वक्तानं उचलाचे, अन् एकाले ओढाचं. वजन जरा इकडचं तिकडं झालं का बैल भुईवर. शेवटी त्यानं मोटर वशिंडात घातली, खांद्याच्या मधात. म्हने, वजन तिथंच पाहिजे, खऱ्या बैलाचंही तिथंच असते. इतक्या वर्षात जमवलेल्या साऱ्या पट्ट्या, सारी चाकं त्या एका बैलात गेली. सामानाच्या पेटीचा तळ दिसाले लागला. बैल झाला मांजराएवढा, पांढरा, काळ्या शिंगाचा.

एक दिवस संध्याकाळी त्यानं तो छपरीत ठेवून चालू केला. टक्, टक्, घसर, मान खाली. टक्, टक्, घसर, मान खाली. माय तिथंच तांदूळ निवडून राहिली होती. आजवर तिनं विनायकच्या कोनत्याही मशीनकडे वळून पाहिलं नोतं. पोरगं खेळते, खेळू द्या, एवढंच तिचं म्हननं. डोळ्यालेही आता कमीच दिसते. पन तिनं सूप खाली ठेवलं.

"इनू," ती म्हनली, "हा आपला बाशिंग्या होय का रे?"

विनायकनं नाक बाहीले पुसलं. "हाव, माय."

"कुठी होता एवढे दिवस?"

ते तिनं कोनाले विचारलं, विनायकले का बैलाले, सांगता नाई येत.

दुसऱ्या दिवशी मी गावभर सांगतलं का आमच्या घरी पुन्हा बैल आला, अन् तो नागपूरले चालला. नागपूरले जाऊन पयला येनार, हेही सांगतलं. विनायक म्हनला, "दादा, तिथी नंबर नसते. नुसतं पाहाचं, दाखवाचं." मी म्हनलं, "तू चाकं पाहा. गावाचं मी पाहतो."

आता पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकनी असते, माहीतच असन. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे दुखतात. म्हनून ते गरम पान्यानं धुवाचे, तूप-हळद लावून चोळाचे, पळसाच्या पानानं शेकाचे. अन् मंग त्याले आवतन द्याचं, का उद्या जेवाले ये. आमच्या घरी बाप होता तवापासून खांद मायच शेके. बैल तिच्या हाताखाली डोळे मिटून उभे राहत. जोडी गेल्यापासून ते बंदच पडलं होतं.

त्या दिवशी विनायक शाळेतून याचा होता अन् मी बागेत. मी घरी आलो तर छपरीत पाट मांडलेला, पाटावर बैल. बाजूले गरम पान्याचं गंगाळ, तुपाची वाटी, हळद. प्रेमलता अन् सुचिता डोक्यावर पदर घेऊन उभ्या. मायनं बैलाच्या पायावर पानी टाकलं होतं, पाठीवर टाकलं होतं. खांद्याले तूप-हळद चोळली होती, वरून नाई, पार भोकाभोकातून आत. अन् गरम केलेलं पळसाचं पान वशिंडावर दाबून धरून ती म्हनून राहिली होती, "लय वढलं रे बाबा तुनं. आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

खोटं काहून सांगू, मले तवा काईच वाईट नाई वाटलं. उलट छाती भरून आली. एवढ्या वर्षानं घरात खांदशेकनी होऊन राहिली होती. मी चपला काढल्या अन् हात जोडून उभा राहिलो.

तेवढ्यात विनायक आला. दारातच थांबला. हातातली पिशवी त्यानं खाली ठेवली नाई. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तवा मले समजलं. सुचितालेही समजलं असन. तिनं तुपाची वाटी हळूच पदराखाली घेतली.

"ये रे इनू," माय म्हनली. "हात-पाय धू अन् चालव बरं त्याले. मोकळा झाला आज तो."

विनायक हात-पाय धुऊन आला. बैलासमोर उकिडवा बसला. वशिंडाले बोट लावलं, बोट पिवळं निघालं. मी बाजूलेच होतो. मलेच आयकू येईन असं तो म्हनला, "दादा, मोटरीत पानी आहे. आता चालू केली तर जळन. उघडून सुकवली तर वाचन."

"मंग नको करू."

त्यानं मायकडे पाहिलं. तिनं दोन्ही हात जोडले होते. डोळे बारीक करून त्या बैलाच्या पायाकडे पाहून राहिली होती. 'उद्या चालवतो, माय,' एवढंच म्हनाचं होतं त्याले. ती आयकलीही असती. वर्गातल्या साऱ्या पोट्ट्यायले जो गप बसवते, त्याच्या तोंडून तेवढं निघालं नाई.

त्यानं बटन दाबलं.

बैलानं एक पाऊल टाकलं. दुसरं उचललं. मागचा पाय ओढला, मान खाली केली, अन् तसाच राहिला. खांद्यातून बारीक कुंईं आवाज आला, मंग जळक्या तुपाचा वास.

"दमला रे," माय म्हनली. "बसू दे त्याले." अन् तिनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

पोळ्याच्या दिवशी सगळं बंद. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, दोन गावायची दगडफेकीची जत्रा, म्हनजे सावरगावकडचा रस्ता बंद अन् बाजारही बंद. तशीही ती मोटर पार बाहेरून मागवा लागे. इतवारच्या आत येनं शक्य नोतं. विनायकनं बैल उघडला, चाकं साबनाच्या पान्यानं धुतली, वापस बसवली. चाकं फिराले लागली, पन मोटर मेली ती मेली. अन् पांढऱ्या प्लास्टिकवरची हळद काई गेली नाई.

मी हातावर हात ठेवून बसनारा मानूस नाई. शनवारी पांढुर्ण्याच्या चेतनच्या रिपेअरिंगच्या दुकानातून एक मोटर आनली, खेळन्याच्या गाडीतली. विनायकनं माह्या मनासाठी बसवून पाहिली. बैल असा थरथरला का जशी अंगावर गोमाशी बसली, अन् दोन्ही शिंगं निघून पडली.

"दादा," विनायक म्हनला, "हा बैल आहे, मिक्सर नाई."

त्या आठवड्यात तो हासला तो तेवढाच. मंग म्हनला, "मी नाई जात नागपूरले."

पन मायनं बैलाच्या गळ्यात गोंडा बांधला होता, कपाळाले कुंकू लावलं होतं. तिनं तो आपल्या हातानं पिशवीत ठेवला अन् पिशवी दारापाशी नेऊन ठेवली. "आराम झाला त्याचा," ती म्हनली. "तिथी चालन. अन् लोकायले सांग, बाशिंग्या नाव आहे म्हना."

मंग काय करता. इतवारी सकाळी दोघं निघालो. गाडीत मी पिशवी मांडीवर घेतली. समोरच्या मानसानं विचारलं, "काय आहे भाऊ, एवढं जपून राहिले?"

"बैल," मी म्हनलं.

तो मानूस जरासा सरकून बसला. विनायक खिडकीतून बाहेर पाहत होता.

हॉल मोठा होता. ओळीनं टेबलं. कुठी क्रेन, कुठी घड्याळ, कुठी धागा विननारं यंत्र. पोरं होती, पोरी होत्या, माह्या वयाचे टकलेही होते, अन् सारे वाकून वाकून एकमेकायच्या चाकायत डोकं घालून राहिले होते. विनायकले मी असा कधी पाहिला नोता. हात मागे बांधून तो एका एका टेबलापाशी उभा राहे, ओठ हालत, मान हाले. एका ठिकानी तर कोनाले तरी म्हनलाही, "हे चाक उलटं लावून पाहा." त्या मानसानं लावून पाहिलं अन् म्हनला, "अरे वा." मी मनात म्हनलं, झालं, आता याले इथून कोनी हालवत नाई.

मधात एक टेबल रिकामं होतं. त्यावर नुसता एक कागद दुमडून ठेवलेला. 'तिगाव. चालता बैल.'

विनायक त्या कागदासमोर थांबला. बाजूच्या टेबलावर पुन्याच्या एका पोरीचा हत्ती होता, चालता. चारही पाय एकसारखे उचले, मान कशाशीच जुळे नाई. तरी लोक टाळ्या वाजवून राहिले होते. मले राहवलं नाई. आमचा बैल बंद पडलेला ठेवला असता तरी त्याचे पाय पाहून या लोकायले समजलं असतं का हा काय आहे. मी पिशवीची चेन उघडली.

विनायकनं माहं मनगट धरलं. एवढा जोर त्याच्या हातात आहे हे मले माहीत नोतं.

तेवढ्यात एक दाढीवाला पोरगा आला, गळ्यात नावाचा पट्टा. तोच वैभव.

"नमस्कार काका. तुम्ही तिगावचे का? बराच वेळ इथेच उभे आहात म्हणून विचारलं. त्या सरांचीच वाट बघतोय आम्ही. फोन उचलत नाहीत. बंगलोरची दोघं खास त्यांचा बैल बघायला आलीत."

"आमी पांढुर्ण्याकडचे," विनायक म्हनला. "नुसते पाहाले आलो."

"त्यांना ओळखता का?"

"नाई."

मी तोंड उघडलं. आयुष्यात मी कोनासमोर गप नाई बसलो, तहसीलदारासमोर नाई का आमदारासमोर नाई. पन मनगट अजून त्याच्या हातात होतं. वैभव म्हनला, "बरं, चहा आहे तिकडे, घ्या नक्की," अन् गेला.

बाहेर निंबाखाली आल्यावर मी त्याच्यावर बरसलो. "काहून बे? तुह्या नावाचं टेबल होतं ते. बंगलोरवरून आले ते लोक, तुह्यासाठी."

"दाखवला असता तर विचारलं असतं, बंद काहून पडला." तो पिशवीची चेन लावून राहिला होता. "मंग सांगा लागलं असतं का मोटरीत तूप कसं गेलं. ते हासले असते, दादा. वाईट लोक नाई ते. पन हासलेच असते. मायवर."

"खोटं सांगाचं मंग काई तरी."

"सांगतलं ना," तो म्हनला. "वळखत नाई म्हनून."

परतीच्या गाडीत पिशवी त्यानंच मांडीवर घेतली.

माय छपरीत बसूनच होती. आमची चाहूल लागली तशी भिंतीले धरून उठली. "कसं झालं रे? पाहिला का लोकायनं आपला बैल? चालला का?"

विनायक चपला काढाले वाकला अन् वाकूनच राहिला. मायनं पुन्हा विचारलं. कोनीतरी बोलाले पाहिजे होतं, अन् या घरात बोलाचं काम माहं आहे.

"चालला म्हनजे?" मी म्हनलं. "साऱ्या हॉलभर चालला. एक हत्ती होता, त्याले मागे टाकलं. बंगलोरवरून लोक आलते, खास बाशिंग्याले पाहाले. पयला नंबर आपला."

मायनं पिशवीतून बैल काढला. त्याच्या तोंडावरून हात फिरवला अन् सरळ देवाच्या खोलीत नेऊन देव्हाऱ्याच्या बाजूले ठेवला. विनायक चपला काढून आत गेला. माह्याकडे त्यानं पाहिलं नाई, रागानंही नाई.

बैल अजून तिथंच आहे. माय रोज त्याच्यासमोर उदबत्ती लावते. खांदशेकनी झालेला, नागपुरात पयला आलेला बैल आता कोन तोडन? अन् विनायकचं सारं सामान त्यातच. मी नागपूरवरून नवा खोका मागवला, दुकानातला मोठ्यातला मोठा. तो म्हनला, "ठेव, दादा. पाहू." अजून वरची प्लास्टिकची पन्नीही निघाली नाई त्याची. त्या ग्रुपमधून तो निघून गेला. त्याच्या आधी वैभवचा निरोप आलता, का सर, पुढच्या वेळी नक्की या. मी म्हनलं, "नवी मोटर टाकू, जाऊ. आता काय अडलं?"

"कोन म्हनून जाऊ?" तो म्हनला. "तिगावच्या मानसाले मी वळखत नाई, असं सांगून आलो ना त्यायले."

इतवारी तो आता पेपर वाचत बसते. वाचता वाचता पेपराच्या कोपऱ्याची घडी घालते, उलगडते, पुन्हा घालते. सुचिता आता त्याच्यावर विनोद करत नाई. एकदा प्रेमलताले म्हनली, "ताई, घर कसं मोठ्या मानसायचं झालं," अन् भांडे घासत राहिली.

माय मात्र खुश आहे. कोनी येवो, बोरगावची आत्या असो का दारावरचा भाजीवाला, तिचं बैलाचं सुरू होते. माहं सांगनं तिले पुरत नाई. तिलेही माहीत आहे, मोरेश्वर फुगवते म्हनून. मंग ती आत आवाज देते, "इनू, तूच सांग रे यायले, नागपुरात काय झालं ते."

विनायक बाहेर येते. दाराले टेकून उभा राहते. हत्तीले मागे टाकलं, बंगलोरवरून लोक आलते, पयला नंबर. सारं माह्याच शब्दात सांगते, आपल्या त्या बारीक आवाजात. अन् त्याचं लोक खरं मानतात.